मूळ निराळे, घडीव निराळे



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोरच्या सतरंजीवर बसून ऐकावे, असा रिवाज आहे. आमचे पुष्कळसे शिक्षण ह्या सतरंजीवरच झाले. चालकांनी आज आम्हांला वर बसविले आहे; तेव्हा जे स्वतःच्या चुकीतून शिकलो तेवढेच सांगावे, हे बरे.

युनियनचा माणूस उभा राहिला म्हणजे तो बोनसवर नाहीतर कंत्राटी कामगारांवर बोलणार, अशी आपली समजूत असणार. आजचा विषय निराळा आहे. वेब-अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर चढविताना त्याचे मूळ लिखाण, म्हणजे सोर्स, एका फोल्डरात आणि त्यापासून तयार झालेला माल, म्हणजे बिल्ड, दुसऱ्या फोल्डरात का ठेवावा, हा आमचा विषय. संध्याकाळच्या लोकलने दमून आलेल्या माणसाला ह्यात ऐकण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, ही दोन फोल्डरे आम्ही वेगळी ठेवली नाहीत म्हणून आमच्या एका सभासदाचे ऐंशी हजार रुपये बुडता बुडता राहिले. ती हकीकत पुढे येईल.

आमची शाळा नववीत सुटली. १९८८ साली अंबरनाथच्या एका फाउंड्रीत आम्ही मदतनीस म्हणून लागलो. फाउंड्रीचे काम ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. आधी लाकडाचा पॅटर्न करतात. तो वाळूत दाबून काढला की वाळूत त्याचा ठसा राहतो. त्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतायचे. ते थंड झाले की वाळू फोडून कास्टिंग बाहेर काढायचे. वाळू मोडते, कास्टिंग गिऱ्हाइकाकडे जाते, आणि पॅटर्न पुन्हा आपल्या फळीवर जातो. पॅटर्नची खोली निराळी असे. तिला कुलूप असे, आणि ओतकामाच्या जागी पॅटर्न पडलेला दिसला तर मिस्त्री चिडत.

एकदा कास्टिंगवर एक बारीकसा उंचवटा येऊ लागला. आम्ही नवे होतो, हुशारी दाखवावी म्हणून कानस घेतली आणि तो घासून साफ केला. मिस्त्रींनी पाहिले. म्हणाले, "एक घासलास, शाबास. आता उद्याचे शंभर कोण घासणार? जा, पॅटर्न बघ." पॅटर्नला खरोखरच एके जागी लांबी फुगली होती. ती खरवडली आणि उंचवटा कायमचा गेला. ह्या धड्याची किंमत आम्हांला तीस-पस्तीस वर्षांनी, संगणकासमोर बसल्यावर कळली.

२०१९ सालचा जुलै महिना आपण विसरलेला नाहीत. २७ तारखेला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि उल्हास नदी लोकांच्या घरांत शिरली. नदीकाठी राहणाऱ्या आमच्या सभासदांची भांडीकुंडी गेली, त्यांबरोबर कागदही गेले. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, प्रॉव्हिडंट फंडाचे उतारे, सगळ्याचा लगदा झाला. कामगाराने तीस वर्षे कोठे काम केले, हे सिद्ध करणारा कागद म्हणजे त्याची म्हातारपणाची काठी. तेव्हा युनियनने ठरविले की, सभासदांच्या कागदांच्या प्रती ठेवणारे आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब करून देणारे एक वेब-अ‍ॅप्लिकेशन करावे. आमच्या सभासदांची दोन मुले संगणकाचे शिकलेली होती. रविवारी ती युनियनच्या कचेरीत बसत, आणि आम्ही त्यांच्या पाठीशी खुर्ची टाकून, पुस्तक मांडीवर घेऊन शिकत असू.

आता सोर्स आणि बिल्ड म्हणजे काय ते पाहू. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस आपल्या सोयीने लिहितो. हिशेबाचा भाग एका फाइलीत, पडद्यावरच्या रंगरूपाचा दुसरीत, मध्ये मध्ये समजुतीच्या टिपा. हे झाले सोर्स. ब्राउझरला मात्र टिपांशी कर्तव्य नसते. त्याला माल हलका आणि लवकर पोचणारा हवा. म्हणून एक यंत्रणा ह्या सगळ्या फाइली वाचते, जोडते, टिपा आणि मोकळ्या जागा काढून टाकते, लांब नावांची एक-दोन अक्षरी नावे करते आणि एक दाट, माणसाला वाचता न येणारी फाइल बाहेर टाकते. ते झाले बिल्ड. सोर्स हा आमचा पॅटर्न आणि बिल्ड हे कास्टिंग. फरक इतकाच की, फाउंड्रीत लाकूड आणि लोखंड एका नजरेत ओळखू येतात. संगणकात दोन्ही फाइलीच, आणि दोन्हींची नावेही सारखीच असू शकतात. म्हणूनच तेथे खोल्या वेगळ्या ठेवण्याची गरज अधिक.

आम्ही सगळे एकाच फोल्डरात ठेवले होते. सोर्स, बिल्ड, चित्रे, आणि सभासदांनी चढविलेल्या कागदांच्या प्रतीसुद्धा. सर्व्हरवरही तसेच चढविले. युनियन लहान, काम करणारे दोघे, मग एवढा थाट कशाला, असा आमचा विचार.

ग्रॅच्युइटीचा हिशेब १९७२ च्या कायद्याप्रमाणे होता. शेवटच्या महिन्याचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता घ्यायचा, त्याला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. वर एक कमाल मर्यादा. ती २०१० साली दहा लाख झाली आणि २९ मार्च २०१८ पासून वीस लाख. आमच्या मुलांनी जुन्या माहितीवरून दहा लाख घातले होते. २०२१ साली ती चूक एका सभासदाच्या लक्षात आली. त्या दिवशी दोघांपैकी एकच मुलगा कचेरीत होता आणि घाई होती. त्याने सर्व्हरवरची तयार फाइल उघडली. त्या दाट फाइलीत दहा लाख हा आकडासुद्धा सरळ लिहिलेला नसतो. यंत्रणा जागा वाचविण्यासाठी तो 'एक-इ-सहा' असा, म्हणजे एकावर सहा शून्ये ह्या अर्थी, लिहिते. त्याने शोधून काढले, एकाच्या जागी दोन केला, आणि हिशेब बरोबर येऊ लागला. सर्वांनी त्याची पाठ थोपटली. आम्हीही थोपटली. त्याने कानशीने एक कास्टिंग घासले होते, आणि मिस्त्रींचा शब्द आम्हांला त्या वेळी आठवला नाही.

पुढल्या वर्षी पडद्यावरची अक्षरे बारीक दिसतात अशी तक्रार आली. दुसऱ्या मुलाने सोर्समध्ये अक्षरे मोठी केली आणि नवे बिल्ड केले. सोर्समध्ये दहा लाखच होते. नवे बिल्ड जुन्यावर बसले आणि वीसचे पुन्हा दहा झाले. कोठे घंटा वाजली नाही की लाल अक्षर उमटले नाही. अक्षरे मोठी झाली म्हणून सगळे खूश होते.

त्याच महिन्यात आमचा एक सभासद निवृत्त होत होता. छत्तीस वर्षांची नोकरी, शेवटचे वेतन बावन्न हजार. हिशेब आपणही करून पाहा. बावन्न हजारांना सव्वीसने भागले की दोन हजार. पंधरा दिवसांचे तीस हजार. छत्तीस वर्षांचे दहा लाख ऐंशी हजार. आमच्या अ‍ॅप्लिकेशनने त्याच्या हातात कागद दिला, त्यावर दहा लाख. कंपनीने पुढे केलेल्या हिशेबातही दहा लाखच होते. दोन्ही कागद जुळले म्हणून तो निश्चिंत झाला आणि 'पूर्ण व अखेरचा हिशेब मिळाला' अशी सही करावयास निघाला. जाताना तो कचेरीत पेढे द्यायला आला. आमच्या खजिनदार ताईंना जुन्या सवयीने प्रत्येक हिशेब वहीच्या मागच्या पानावर करून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी पेढा हातात धरूनच गुणाकार केला आणि म्हणाल्या, "भाऊ, थांबा. सही करू नका." त्या गृहस्थाने आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, आश्चर्य होते. कंपनीचा आकडा कमी निघाला असता तर त्याला नवल वाटले नसते. युनियनचाही कमी निघाला, ह्याचे त्याला नवल वाटले. पुढे त्याला पूर्ण रक्कम मिळाली. पण ते पाहणे आम्ही विसरलेलो नाही.

दोष मुलांचा होता काय? आम्हांला तसे वाटत नाही. जेथे चूक करणे सोपे आणि बरोबर वागणे अवघड अशी मांडणी असते, तेथे प्रामाणिक माणूसही चुकतो. कारखान्यात अपघात झाला की मालक म्हणतो, कामगाराचा हलगर्जीपणा. आणि युनियन विचारते, यंत्राला जाळी होती का? तोच प्रश्न आम्ही येथे स्वतःला विचारला. सोर्स आणि बिल्ड एका ढिगात ठेवणे म्हणजे उघड्या पट्ट्यावर माणूस उभा करणे.

ह्याच्या उलट बाजूची चूक मोठमोठ्यांच्या हातून झालेली आहे. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीज म्हणून प्रसिद्ध संशोधनसंस्था होती. तेथे स्टीव्ह जॉन्सन नावाच्या नामांकित तज्ज्ञाने एका प्रोग्रॅममधील दोष शोधण्यात अख्खी सकाळ घालविली. दोष त्याने सोर्समध्ये आधीच दुरुस्त केलेला होता. फक्त तयार फाइल पुन्हा घडवावयाची राहिली होती. म्हणजे पॅटर्न नीट होता आणि तो जुने कास्टिंग हातात धरून त्यातला दोष शोधीत होता. तो चिडून स्टुअर्ट फेल्डमन ह्या सहकाऱ्याकडे गेला, आणि त्या तक्रारीतून फेल्डमनने १९७६ साली 'मेक' नावाचे साधन लिहिले. कोणती तयार वस्तू कोणत्या मुळापासून होते हे त्याला लिहून द्यायचे; मूळ फाइलीची वेळ तयार फाइलीपेक्षा नवी दिसली की ते तेवढी वस्तू पुन्हा घडविते. तेथे मूळ बदलले आणि घडीव जुने राहिले. आमच्याकडे घडीव बदलले आणि मूळ जुने राहिले. दुखणे एकच. दोहोंतले नाते तुटले की माणूस फसतो.

हे नाते आपल्याला परके नाही. ह्या कात्रपमध्ये आज जेथे इमारती आहेत तेथे ज्यांची शेते होती, त्यांना सातबारा आणि फेरफार सांगावयास नको. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कोणी शाईने नाव खोडून दुसरे लिहिले तर जमीन त्याची होते काय? नाही. आधी फेरफाराच्या नोंदवहीत नोंद झाली पाहिजे, संबंधितांना नोटीस गेली पाहिजे, मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केली पाहिजे. मगच सातबारा बदलतो. उतारा हरवला तर दुसरा काढता येतो, कारण तो घडीव आहे. नोंदवहीतले पान फाटले तर मात्र वंशाचा वंश कोर्टाच्या पायऱ्या झिजवितो. आमच्या त्या मुलाने २०२१ साली उताऱ्यावर खाडाखोड केली होती. हेतू चांगला होता, एवढाच फरक.

त्यानंतर आम्ही सोर्सला एक फोल्डर दिले आणि बिल्डला दुसरे. नियम केला की, बिल्डच्या फोल्डरात माणसाने हात घालायचा नाही. तेथे यंत्रणाच काय ते लिहील. आणि दर खेपेस ते फोल्डर आधी पूर्ण पुसायचे, मग नव्याने भरायचे. पुसण्याचे कारण असे की, सोर्समधून एखादी फाइल आपण काढून टाकली तरी तिची जुनी घडीव प्रत बिल्डमध्ये लोंबकळत राहते आणि कोणाला तरी जुना अर्ज, जुना दर दाखवीत राहते. सोर्स वेगळा असला म्हणजे हे झाडून काढणे निर्भयपणे करता येते.

निर्भयपणे, असे आम्ही म्हणालो खरे. पण पहिल्याच झाडण्यात घात झाला. सभासदांनी चढविलेल्या कागदांच्या प्रती जुन्या सवयीने बिल्डच्याच पोटात एका फोल्डरात राहिल्या होत्या. झाडूने त्याही नेल्या. पुरातून वाचलेले कागद आमच्या झाडूने वाहून गेले. एका मुलाने महिन्यापूर्वी सगळे एका हार्ड डिस्कवर उतरवून ठेवले होते, म्हणून बहुतेक परत मिळाले. मधल्या महिन्यातले अकरा जणांचे मिळाले नाहीत. त्या अकरा घरी आम्ही स्वतः गेलो आणि पुन्हा कागद मागितले. नऊ जणांनी दिले. दोघांनी मूळ कागद 'आता युनियनकडे आहे' म्हणून सांभाळून ठेवलेच नव्हते. त्यांच्यासाठी आम्ही कंपन्यांच्या दारात अजून अर्ज करीत आहो.

तेव्हा दोन खोल्या पुरत नाहीत, तीन लागतात, हे आम्ही शिकलो. पहिल्या खोलीत मूळ, जे माणूस लिहितो. दुसरीत घडीव, जे यंत्र लिहिते. तिसरीत लोकांची ठेव: त्यांचे कागद, त्यांच्या नोंदी. ही ठेव मुळापासून घडविता येत नाही आणि आपल्याला लिहिताही येत नाही. ती फक्त सांभाळता येते. एखादी फाइल कोठे ठेवावी अशी शंका आली तर आम्ही एकच प्रश्न विचारतो: ही आज रात्री नाहीशी झाली तर उद्या सकाळी कशापासून होईल? यंत्रणा चालवून होत असेल तर ती बिल्ड. कोणालाच करता येणार नसेल तर ती ठेव, आणि तिच्या प्रती दुसऱ्या जागी हव्यात. मूळ लिखाणाच्या प्रती आणि त्यातला प्रत्येक बदल सांभाळायला 'गिट' नावाचे साधन आहे. लिनस तोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली लिहिले आणि सर्वांना मोफत दिले. कोणी, केव्हा, काय बदलले आणि का, ह्याची ती फेरफार नोंदवहीच आहे.

आता दाराचा प्रश्न. सर्व्हर म्हणजे रस्त्यावर उघडणारे दार. तो ज्या फोल्डराकडे बोट दाखवितो ते सगळे जगाला दिसू शकते. आम्ही पूर्वी संपूर्ण ढीगच दारात मांडला होता. त्यात गिटचे लपलेले फोल्डर होते, म्हणजे आमचे सगळे जुने लिखाण; आणि सभासदांच्या नोंदींच्या कोठाराचा पासवर्ड असलेली एक छोटी फाइलही होती. तिच्या नावाच्या आधी टिंब असल्यामुळे ती आम्हांला यादीत दिसत नव्हती. पण पत्ता टाइप करणाऱ्याला ती मिळाली असती. चोराने ती नेली नाही हे आमचे नशीब. आता दार फक्त बिल्डच्या फोल्डराकडे उघडते, आणि पासवर्ड सोर्समध्येही नाही की बिल्डमध्येही नाही. तो सर्व्हरवर निराळा ठेवलेला आहे.

कोणी म्हणेल, आमचे अ‍ॅप्लिकेशन पीएचपीसारख्या भाषेत आहे, तेथे सोर्सच सर्व्हरवर चालतो, घडविणे असे काही नाही. खरे आहे. तरीसुद्धा जगाला दाखवायचे एक लहान फोल्डर आणि बाकीचे सगळे त्याच्या बाहेर, एवढी भिंत तेथेही घालता येते, आणि घालावी.

आणखी एक सोय सांगतो. नवे बिल्ड जुन्यावर चढवायचे नाही. प्रत्येक बिल्डला तारखेचे नाव देऊन स्वतंत्र फोल्डर करायचे आणि 'चालू' ह्या नावाची एक खूण त्यापैकी एकाकडे दाखवायची. दारावरची पाटी एका घरावरून काढून शेजारच्या घरावर लावावी, तसे. नव्यात दोष निघाला तर पाटी परत जुन्या घरावर. काम क्षणाचे आहे. शिवाय आमच्या प्रत्येक छापील हिशेबाच्या तळाशी आता बिल्डचा क्रमांक येतो. कागद हातात आला की तो कोणत्या मुळापासून निघाला, हे सांगता येते.

ह्याचा उपयोग लवकरच झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आणि वेतनाची व्याख्या बदलली. संहितांवर आमचे म्हणणे निराळ्या सभेत सांगू. येथे एवढेच की, त्या तारखेच्या आधी निवृत्त झालेल्याचा हिशेब जुन्या नियमाने आणि नंतरच्याचा नव्याने करायचा, ही तरतूद सोर्समध्ये एका जागी लिहिली, ताईंनी वहीत दहा हिशेब करून पडताळले, मग बिल्ड घडविले आणि पाटी हलविली. सर्व्हरवरच्या फाइलीला कोणी हात लावला नाही.

शेवटची गोष्ट फाउंड्रीचीच आहे. आमची ती फाउंड्री पुढे बंद पडली. टाळेबंदीच्या आदल्या आठवड्यात आम्ही फाटकावर रात्रंदिवस पहारा केला, तयार माल बाहेर जाऊ नये म्हणून. माल गेला नाही. मागच्या दाराने पॅटर्न गेले. टेम्पोत लाकूड चालले आहे असे समजून आमच्याच माणसांनी वाट दिली. दोन महिन्यांनी तीच कास्टिंगे दुसऱ्या गावी निघू लागली, आणि आम्ही गंजणाऱ्या लोखंडाची राखण करीत बसलो होतो.

म्हणून आपल्या सोसायटीचे, पतपेढीचे, शाळेचे, युनियनचे काम जेव्हा आपण कोणा कंत्राटदाराकडून संगणकावर करून घ्याल, तेव्हा सर्व्हरवर चालणारा तयार माल पाहून समाधान मानू नका. सोर्सचे फोल्डर वेगळे मागा. त्यापासून बिल्ड आपल्यासमोर, आपल्या संगणकावर घडवून दाखवा म्हणा. आणि लोकांची ठेव तिसऱ्या जागी आहे ना, ते विचारा. ही तीन उत्तरे मिळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. आमच्या कचेरीत आता भिंतीवर एक कागद आहे. त्यावर खजिनदार ताईंच्या अक्षरात त्या गृहस्थाचा हिशेब आहे, बावन्न हजारांपासून दहा लाख ऐंशी हजारांपर्यंत. प्रत्येक नवे बिल्ड दारात लावण्यापूर्वी मुले तो हिशेब त्यावर करून पाहतात. उत्तर जुळले तरच पाटी हलते.